दांडीची लेडीज सायकल

मागच्या रविवारी तुम्ही दोघं दुकानात सायकली बघून आलात आणि धाकटीने मला फोनवर विचारलं, "आजी, मुलींच्या सायकलची दांडी वाकडी का असते? पडून वाकलेली असते का?" दादा हसला. मग तुमच्या आईने जेवायला हाक मारली आणि माझं उत्तर अर्धंच राहिलं. मला अर्धी उत्तरं चालत नाहीत. शाळेत मी मुलींनाही कधी दिली नाहीत. म्हणून बाकीचं लिहून पाठवते आहे. दादाने हसायचं कारण नाही, कारण हे त्यालाही माहीत नाही.

दांडी वाकलेली नसते. मुद्दाम खाली घेतलेली असते.

पुरुषांच्या सायकलला सीटखालून थेट हँडलपर्यंत एक आडवी नळी जाते, तिला आपल्याकडे दांडी म्हणतात. त्या सायकलवर बसायचं तर एक पाय मागून, कॅरिअरवरून फिरवून पलीकडे टाकावा लागतो. पँट असेल तर ते सोपं आहे. पायघोळ झगा किंवा साडी असेल तर नाही. ज्या देशांत सायकल तयार झाली तिथल्या बायका तेव्हा झगे घालत. त्यांच्यासाठी कोणीतरी दांडी उतरवून खाली नेली, म्हणजे पाय मागून न फिरवता समोरच्या मोकळ्या जागेतून पलीकडे ठेवता येतो. तीच सायकल आपल्याकडे आली आणि साडीच्या उपयोगी पडली. अर्थात गोल नेसायच्या साडीच्या. तुमच्या आजोबांच्या आई नऊवारी नेसत. काष्टा मागे खोचला की दोन्ही पाय मोकळे. त्या तशा साडीत विहिरीत उतरून गाळ काढायच्या. पुरुषांच्या सायकलवर बसायला त्यांना कपड्यांची काहीही अडचण नव्हती. अडचण एवढीच होती की त्यांना सायकल कोणी दिली नाही.

आता दांडी खाली घेण्याचा तोटा. आइस्क्रीमच्या चार काड्या घ्या, टोकं टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि बोटाने ढकला. चौकोन कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. तो कलंडत नाही. पुरुषांच्या सायकलची फ्रेम साधारण दोन त्रिकोणांची असते, एक पुढे आणि एक मागे. दांडी खाली आणली की पुढचा त्रिकोण वरून उघडा पडतो. तो धरून ठेवायला नळ्या जाड घ्याव्या लागतात, म्हणून लेडीज सायकल जड असते, आणि चढावर जोर लावला की किंचित लचकते. मी गणित शिकवत होते तेव्हा नववीच्या मुलींना हे सायकल स्टँडवर नेऊन दाखवायची. फळ्यावरचा त्रिकोण विसरतात, सायकलचा विसरत नाहीत.

माझी स्वतःची सायकल काळी होती. नोकरी लागली तेव्हा घेतली. तिला पूर्ण चेनकव्हर होतं आणि मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी जाळी होती, साडीचा काठ आऱ्यांत, म्हणजे चाकाच्या तारांत जाऊ नये म्हणून. रोज नदी ओलांडून पंचवटीतल्या शाळेत जायची. पदर कमरेला खोचायचा, डावा पाय पेडलवर ठेवायचा, उजव्या पायाने रस्त्याला दोन-तीन रेटे द्यायचे आणि सायकल चालू लागली की समोरून पाय घेऊन बसायचं. इतक्या वर्षांत माझ्या एकाही साडीला चेनचं काळं लागलं नाही. रविवार कारंज्याच्या चौकात गर्दीत उतरावं लागलं तरी मी घाबरत नसे. समोरच्याने बाजूला व्हावं असं माझं मत होतं, आणि बहुतेक जण होत.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी रस्त्यावर सायकल चालवणं बंद केलं. डॉक्टरांनी चालवा म्हटलं होतं. पण गंगापूर रोडची हल्लीची वाहनं डॉक्टरांनी गाडीच्या काचेतून बघितलेली आहेत, मी सायकलवरून. सायकल इमारतीच्या पार्किंगमध्ये होती. मी ती पुसायची, तेल द्यायची, आणि कोणी भंगारात द्या म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायची.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता त्या सायकलचं पुढे काय झालं ते सांगते, म्हणजे फ्रेमचा आकार कोण ठरवतं हेही कळेल.

सिन्नरच्या पुढे आपलं गाव आहे. तुम्ही लहान असताना तिथे म्हशीच्या रेडकाला बिस्किटं भरवली होती. तिथे आजोबांचे धाकटे भाऊ राहतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, ती मला अक्का म्हणते. त्यांचा मुलगा टेम्पो चालवतो; पहाटे गावातला भाजीपाला भरून नाशिकच्या मार्केटला आणतो. आणि त्याची बायको, म्हणजे त्यांची सून. ती नांदगावची. बारावीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत असायची. लग्नानंतर घरात बसून तिचा जीव रमेना, म्हणून तिने सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगचं काम धरलं. ती मला मोठ्या आई म्हणते. सासऱ्यांना मामा म्हणते आणि सासूला आत्या. तिकडे तशीच पद्धत आहे.

गेल्या दसऱ्याला आम्ही गावाला गेलो होतो. अंगणात टेम्पो, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, सगळ्यांना झेंडूच्या माळा घालून झाल्या होत्या. सून आणि मी ओट्यावर शेंगा सोलत बसलो होतो. तिचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मोठ्या आई, दिवाळीनंतर माझं काम राहील असं वाटत नाही."

कंपनीत गेटवर अंगठ्याचं मशीन आहे. ठरल्या वेळेच्या आत अंगठा लागला नाही की उशीर धरतात. गावातून सिन्नरला जायला जीप आहे, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हर पुढे तीन, मागे दहा माणसं होईपर्यंत सुपारी कातरत बसतो. नवरा टेम्पो घेऊन पहाटेच गेलेला असतो. सुपरवायझर बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की दिवाळीनंतर नव्या मुली घेणार आणि ज्यांचा उशीर मांडलेला आहे त्यांना थांबवणार.

"तुला सायकल येते?" मी विचारलं.

"शाळेत सायकलवरच जायचे. पार रेल्वे फाटकाच्या पलीकडून."

मी लगेच उठून भाऊजींपाशी गेले. ते ट्रॅक्टरपाशी उभे होते. मी म्हटलं, माझी सायकल सुनेला देते, सायकलवर कामाला जाऊ दे. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "जाऊं द्या की. सायकलला माझी ना नाय. पण साडीवर जायचं. आपल्या घरातली सून डरेस घालून गावातून गेली नाय अजून."

मला त्यावर वाद घालायचं काही कारण वाटलं नाही. माझी सायकल साडीसाठीच तर होती. मी म्हटलं, ठीक आहे.

पुढच्या आठवड्यात पुतण्या मार्केटला आला तेव्हा रिकाम्या क्रेटांच्या बाजूला सायकल बांधून पाठवली. त्याआधी ब्रेकचे रबर बदलले, नवीन ट्यूब टाकली, सीटचं कव्हर शिवून घेतलं. सुनेचा फोन आला. "मोठ्या आई, सायकल पोचली. छान आहे." एवढंच बोलली. चार दिवसांनी मी फोन करून विचारलं, चालवतेस ना? ती म्हणाली, "बघू." त्यानंतर जावेचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "अक्का, तुमची सायकल यांनी लय मजबूत करून घेतली बरं का."

मी आजोबांना म्हटलं, उद्या सिन्नरला जायचं. ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "मजबूत म्हणजे काय केलंय ते बघायला."

बसने सिन्नरला उतरलो, तिथून त्याच जीपमध्ये बसलो. जीप खरंच भरल्याशिवाय हलली नाही. गावात पोचलो तर अंगणात माझी सायकल स्टँडवर उभी होती आणि तिला दांडी होती.

सीटखालच्या नळीपासून हँडलखालच्या नळीपर्यंत सरळ, जाड, लोखंडी दांडी. शेतातल्या जुन्या पाइपाचा तुकडा होता तो. फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याने दोन्ही टोकं पक्की जोडली होती आणि वरून चंदेरी रंग मारला होता. दांडीच्या दोन्ही बाजूंना दुधाची एकेक किटली लटकत होती. मागच्या चाकावरची जाळी काढून टाकली होती.

भाऊजी हसत पुढे आले. "बघा वहिनी. मधी बरगडीच नव्हती हिला. आमची सून चढावर जोर लावायची आन् फ्रेमच बसली आसती. आता बैल बांधा हिला."

"भाऊजी, ही लेडीज सायकल आहे."

"हायच की. लेडीजच हाय. फक्त दांडी टाकली."

"मग त्यावर लेडीज बसणार कशी?"

"बसंल की. पाय जरा वर घ्यायचा."

जाऊ दारातून म्हणाली, "जरा? तुम्हीच साडी नेसून दाखवा बघू."

भाऊजींनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी सुनेला बोलावलं आणि बसून दाखव म्हटलं. तिने पदर खोचला, निऱ्या हाताने उचलल्या, पाय वर घेतला. साडी गुडघ्यापाशी ताणली आणि पाय दांडीच्या खालीच राहिला. तिने दुसऱ्या बाजूने करून पाहिलं. सायकल कलली आणि एक किटली सुटून अंगणात गडगडत गेली. नशीब की रिकामी होती.

"साडी सैल नेस," भाऊजी म्हणाले.

"सैल नेसली तर चाकात जाईल," मी म्हटलं. "चाकाची जाळी कुठे आहे?"

"ती काढली. गवताचा भारा बांधला की आडकत व्हती."

त्यांना आपण काही बिघडवलं आहे असं वाटतच नव्हतं, आणि एका अर्थी ते खरंही होतं. उघडा त्रिकोण त्यांनी बंद केला होता. मी वर्गात सायकलचा जो कच्चेपणा शिकवत होते तो त्यांनी शाळेत न शिकता डोळ्यांनी हेरला आणि दुरुस्त केला. मोटारसायकल मुलाच्या टेम्पोच्या डिझेलपायी विकलेली, दूध डेअरीवर न्यायला काहीतरी लागत होतं, आणि घरात एक सायकल आली होती. घरात आलेली वस्तू कोणा एकाची असते ही पद्धत आपल्या गावात नाही. फावडं, पंप, सायकल, ज्याला लागेल त्याने घ्यावं आणि ज्याला जसं लागेल तसं करून घ्यावं. सायकल सुनेची आहे हे मी सांगितलं होतं. ते ऐकून त्यांनी ती घराची केली होती.

मी म्हटलं, "दांडी कापायची."

"कापायची?" त्यांचा चेहरा खरोखर पडला. "आवो, पक्की जोडलीय. घासून घासून आरी मोडंल."

"दुसरी आरी आणू. दिवाळी आली. तिला कामावर वेळेत पोचायचं आहे."

ते आत गेले आणि लोखंड कापायची आरी घेऊन आले. रागावले होते, पण माझ्या शब्दाबाहेर गेले नाहीत. आजोबा तेवढ्यात ओट्यावर बसून चहा पीत होते. माझ्या आणि भाऊजींच्या मध्ये पडायचं नाही हे त्यांनी फार पूर्वी ठरवलेलं आहे.

मी हात धुवायला गोठ्याकडच्या नळावर गेले. सून मागोमाग आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मोठ्या आई, दांडी कापू नका."

मला वाटलं, सासऱ्यांचं मन मोडू नये म्हणून म्हणते आहे. मी म्हटलं, "त्यांचं मी बघते."

"मामांसाठी नाही. माझ्यासाठी. कापलीत तर मला रोज साडीतच जावं लागेल."

मी नळ बंद केला.

मग तिने सगळं सांगितलं. कंपनीत पॅकिंगचा पट्टा फिरता असतो, तिथे साडी चालतच नाही. सगळ्या जणी पंजाबी ड्रेसवर एप्रन घालून काम करतात. ती रोज साडी नेसून घरून निघते, पिशवीत ड्रेस नेते, आणि गेटच्या आधी एका ओळखीच्या बाईच्या खोलीत कपडे बदलते. तिथेही दोन-तीन जणी रांगेत असतात. जीप वेळेवर पोचली तरी त्या रांगेत अंगठ्याची वेळ टळते. संध्याकाळी पुन्हा तेच उलटं.

"घरी माहीत आहे?"

"आत्यांना माहीत आहे. ड्रेस धुऊन दोरीवरच वाळतो ना."

"आणि मामांना?"

"मामा दोरीकडे बघत नाहीत."

आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "मी शाळेत पप्पांच्याच सायकलवर जायचे. दांडीच्याच. मला दांडीचं काही नाही, मोठ्या आई. उलट ही चढावर लचकणार नाही. फक्त मला घरून ड्रेसवर निघू द्या. तेवढं मामांकडून घ्या."

खरं सांगायचं तर मला तिचं कौतुक वाटलं. मी आरी घेऊन निघाले होते ती साडीला जागा करून द्यायला. तिला साडीला जागा नको होती. आणि मागणं मांडायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, कारण दांडी सासऱ्यांनी स्वतः बसवली होती.

मी अंगणात आले. भाऊजींनी सायकल आडवी पाडून आरीचं पातं दांडीवर ठेवलं होतं.

"थांबा भाऊजी," मी म्हटलं. "राहू द्या दांडी."

"आं?"

"काम चांगलं झालंय. फ्रेम खरंच मजबूत झाली. कापली तर जोडाच्या जागी नळी कमजोर होईल, ते नको."

"मी त्येच म्हनत व्हतो!" ते एकदम खूश झाले. आरी बाजूला ठेवून त्यांनी सायकल उभी केली आणि दांडीवरून हात फिरवला. मग आजोबांना म्हणाले, "दादा, ऐकलं का? वहिनींना पटलं."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. मला पटलं म्हणजे पुढे काहीतरी आहे हे त्यांना कळतं.

"पण मग ही आता जेंट्स सायकल झाली," मी म्हटलं. "हो ना?"

"झाली म्हना."

"जेंट्स सायकलवर साडीत बसता येत नाही. आत्ताच बघितलं आपण. मग ती काय घालून जाईल, तुम्हीच सांगा."

भाऊजींनी एकदा सायकलकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. ती खांबाला टेकून उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिचं काम राहणार की जाणार हे आता या अंगणात ठरत होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

"मग किटल्या मी कशावर नेऊ?" ते म्हणाले. हा मूळ प्रश्नाला बगल द्यायचा प्रयत्न होता.

"ती जाते सकाळी, येते संध्याकाळी," जाऊ म्हणाली. "सांजचं दूध तुम्ही न्या सायकलवर. सकाळचं शेजारच्या गाडीवर जातंच हाय. उगा कारणं काढू नका."

"तू मधी बोलू नको."

"मधी नाय, शेवटी बोलतेय. आपल्या सासूबाई काष्टा मारून विहिरीत उतरायच्या, तवा गाव बघत नव्हतं काय? पोटऱ्या उघड्या असायच्या त्यांच्या. डरेसात तर घोट्यापर्यंत झाकलेलं असतं. मी बघितलंय ना, मीच वाळत घालते."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं. भाऊजींनी मान वळवली.

"काय वाळत घालतीस?"

"डरेस," जाऊ म्हणाली. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "कंपनीत सगळ्या घालतात. न्हाय घातला तर पट्ट्यात साडी गुंतून पोरगी जायची एखाद दिवशी. रोज पिशवीत घेऊन जाती आन् बदलती. त्यातच उशीर व्हतो तिला."

भाऊजी सुनेला म्हणाले, "पट्ट्यात गुंतती साडी?"

"हो मामा. एका बाईचा पदर गेला होता. वेळेवर बटण दाबलं म्हणून वाचली. तेव्हापासून साडी बंदच केली."

"आन् हे मला कुनी सांगितलं नाय?"

"तुम्ही विचारलं नाही, मामा," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण नजर खाली नव्हती.

भाऊजी आजोबांकडे वळले. "दादा, तू सांग. तू मोठा हायेस."

आजोबा म्हणाले, "मला काय विचारतोस? माझ्या घरात कोणी काय घालायचं ते मी कधी ठरवलं नाही. मी काय घालायचं तेसुद्धा ही ठरवते."

जाऊ पदर तोंडाला लावून हसली. भाऊजींनाही हसू आलं असावं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. मग त्यांनी शेवटचा एक मार्ग काढून पाहिला. "गावातून साडीवर चालत जाऊं दे. सायकल हातात धरायची. फाट्याच्या पुढं गेल्यावर मंग..."

"फाट्याच्या पुढं कुठं बदलायचे कपडे?" जाऊ म्हणाली. "मोसंबीच्या बागेत?"

भाऊजी वाकले, सायकलचं मागचं चाक हाताने फिरवलं आणि ते टकटक वाजत फिरताना बघत राहिले. चाक थांबलं. वर्गात कोणी उत्तराच्या जवळ आलं की मी कधी घाई केली नाही, ही मला शिक्षकी पेशाने लावलेली चांगली सवय आहे.

शेवटी ते सुनेकडे न बघता म्हणाले, "ओढणी गळ्यात मोकळी सोडायची नाय. कमरंला बांधायची. चाकात गेली म्हंजे गळा आवळतो."

"हो मामा."

"आन् ती जाळी शेडात पडलीय. लावून देतो. गवत मी डोक्यावर आनीन."

परवानगी एवढीच. याहून जास्त शब्दांत ती मिळायची नव्हती, आणि आम्ही कोणी मागितलीही नाही. सून आत गेली. भाऊजींनी शेडातून जाळी आणली, वाकलेले आकडे पकडीने सरळ केले आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना बसवली. मग त्यांनी स्वतःहून सीटचा नट आवळला, घंटी वाजवून पाहिली, आणि दांडीला लावलेले किटल्यांचे हूक काढून खिशात टाकले.

आम्ही त्या दिवशी तिथेच राहिलो. सकाळी ती निळ्या ड्रेसमध्ये बाहेर आली, ओढणी तिरकी घेऊन कमरेला गाठ मारलेली. डबा कॅरिअरला लावला. सासूच्या पाया पडली, माझ्या पडली, आजोबांच्या पडली. भाऊजी गोठ्यात होते, तिथे जाऊन पडली. मग अंगणाच्या बाहेर सायकल नेली, डावा पाय पेडलवर ठेवला, दोन रेटे दिले आणि उजवा पाय मागून फिरवून पलीकडे टाकला. एकदा हँडल डगमगलं, मग सरळ झालं. पारावर बसलेल्या दोघातिघांनी माना वळवल्या. त्यांतला एक भाऊजींना ओरडून म्हणाला, "काय ओ, सून पार फटफटीवर बसल्यावानी चालली!"

भाऊजी गोठ्यातूनच ओरडले, "मंग? दांडी मी टाकलीय तिला!"

मी आणि जावेने एकमेकींकडे बघितलं नाही, नाहीतर हसू आवरलं नसतं.

आम्ही दुपारच्या बसने नाशिकला निघालो. बस घाटाच्या अलीकडे होती तेव्हा तिचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत केला होता. मागे भांड्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

"मोठ्या आई, अंगठा वेळेत लागला. गेट उघडायच्या आधी पोचले मी."

"सुपरवायझर बाई काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, रोज अशी आलीस तर तुला काढायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, रोज येईन." मग ती म्हणाली, "एक विचारू का? फाट्याच्या चढाला पाय पूर्ण सरळ होत नाही, गुडघ्यात भरून येतं. सीट जरा वर घेतली तर चालेल?"

"किती वर?"

"एक बोट. दीड बोट."

"दोन बोटं घे," मी म्हटलं. "तुझे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत. पाना भाऊजींकडे मिळेल, पण नट तू स्वतः आवळ."